पहिल्या संस्कृती नदीकाठीच का वाढल्या? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पाचवी-सहावीच्या पुस्तकात एक वाक्य ठरलेलं असतं: प्राचीन संस्कृती नद्यांच्या काठी उदयाला आल्या. मुलं ते पाठ करतात, पेपरात लिहितात, दोन गुण मिळतात आणि विषय मिटतो. मी घोड नदीच्या खोऱ्यातल्या एका शाळेत इतिहास शिकवते. त्या वाक्यावर ‘पण बाई, का?’ असं विचारणारं एक तरी पोर दरवर्षी निघतंच, आणि हल्ली पालकही विचारतात. गेल्या काही वर्षांत आलेले प्रश्न आणि मी दिलेली उत्तरं इथे एकत्र केली आहेत. काही उत्तरं लांबली आहेत, कारण ती दोन गुणांत मावत नाहीत.

नदीकाठी राहायचं कारण म्हणजे प्यायचं पाणी, एवढंच ना?

नाही. प्यायला पाणी लागतंच, पण त्यासाठी मोठी नदी लागत नाही. झरा पुरतो, ओढा पुरतो, विहीर पुरते. पॅलेस्टाइनमधलं जेरिको हे जगातल्या सर्वांत जुन्या वस्त्यांपैकी एक, आणि ते वाढलं एका झऱ्याच्या भरवशावर. तुर्कस्तानातल्या गोबेकली टेपे इथे इ.स.पू. ९५०० च्या सुमारास माणसांनी कित्येक टन वजनाचे दगडी खांब उभे केले, तेही उघड्या डोंगरमाथ्यावर. माणसं जमायला आणि मोठं काम उभं करायला नदीकाठच हवा असं नाही.

नदी लागते ती शेताची तहान भागवायला. माणूस दिवसाला दोन-चार लिटर पाणी पितो, पण त्याच माणसाला वर्षभर पुरेल एवढं धान्य पिकवायचं तर पाण्याचा हिशोब काही लाख लिटरांवर जातो. जिथे पाऊस पुरेसा पडतो तिथे हे पाणी आकाशातून येतं. दक्षिण इराकमध्ये वर्षाला जेमतेम १००-१५० मिलिमीटर पाऊस पडतो आणि दक्षिण इजिप्तमध्ये जवळजवळ पडतच नाही. तिथे नदी नसेल तर शेती नाही.

शिवाय नदी पाण्याबरोबर आणखी एक गोष्ट आणते. मला विचाराल तर खरं उत्तर तिच्यातच आहे. ती म्हणजे गाळ.

गाळात एवढं काय असतं?

उजनी किंवा जायकवाडीच्या जलाशयाकाठी राहणाऱ्यांना हे सांगावं लागत नाही. पाणी ओसरू लागलं की उघड्या पडलेल्या जमिनीवर तिथे गाळपेर होते. अशा जमिनीवर एकदा जरूर उभं राहून बघा. वरचा थर वाळून तडकलेला असतो, ताटलीएवढ्या खपल्या कडेनं वर उचललेल्या असतात. त्यातली एक खपली उलटी करा. खालची बाजू अजून गार आणि ओलसर लागते, आणि तिच्याखालचा गाळ लोण्यासारखा मऊ असतो. बोट खुपसलं तर दुसऱ्या पेरापर्यंत सहज जातं. खडा नाही, काशा-कुंद्याच्या मुळ्या नाहीत. फारशी नांगरट न करता हरभरा, ज्वारी, काकडी, कलिंगड टाकायचं आणि पीक त्या ओलीवरच काढायचं.

इजिप्तमध्ये तीन हजारांहून अधिक वर्षं अख्खा देश अशा गाळपेरीवर जगला. जून ते सप्टेंबर, म्हणजे आपल्याकडच्या पावसाच्याच महिन्यांत, इथिओपियाच्या पठारावर धो धो पाऊस पडतो. ते पठार आपल्या दख्खनसारखंच लाव्हारसाच्या बेसॉल्ट खडकाचं आहे. तो खडक झिजून झालेली काळसर माती निळी नाईल नदी उत्तरेकडे वाहून आणायची. जुलैत पाणी चढू लागायचं, सप्टेंबरात सर्वांत वर जायचं आणि ऑक्टोबरात उतरायचं. शेतकऱ्यांनी शेतांना बांध घालून प्रचंड वाफे केलेले असत. पुराचं पाणी त्यांत महिना-दीड महिना मुरवायचं, मग पुढच्या वाफ्यात किंवा परत नदीत सोडून द्यायचं आणि उरलेल्या चिखलात गहू, जव पेरायचं. मार्च-एप्रिलात सुगी. आपली रब्बीच म्हणा ना. त्यांच्या वर्षाचे ऋतूही यावरूनच तीन: अखेत म्हणजे पुराचा, पेरेत म्हणजे जमीन उघडी पडून उगवणीचा आणि शेमू म्हणजे कापणीचा.

ते आपल्या देशाला केमेत म्हणत. केमेत म्हणजे काळी. आणि दोन्ही बाजूंच्या वाळवंटाला देश्रेत, म्हणजे लाल. ‘काळी’ हा शब्द ऐकल्यावर माझ्या वर्गातली मुलं चमकतात, कारण त्यांच्या आजोबांच्या बोलण्यातही शेतजमीन म्हणजे काळी आणि गावठाण म्हणजे पांढरी.

आता गाळाचं मुख्य काम. एकाच जमिनीत वर्षानुवर्षं पीक घेतलं की तिचा कस उतरतो. जुन्या काळच्या शेतकऱ्याकडे त्यावर उपाय दोनच: जमीन पड ठेवायची, नाहीतर ती सोडून नवं रान भाजायचं. रान बदललं की वस्तीही उठते. पण दरवर्षी नवा पोयटा अंगणात येऊन पडत असेल तर जमीन थकत नाही आणि माणसाला हलावं लागत नाही. पणजोबानं पेरलेल्या वाफ्यातच पणतू पेरतो. घर पक्कं बांधणं, देऊळ उभारणं, पूर्वजांच्या कबरी जपणं, कोठार भरून ठेवणं या सगळ्याला मग अर्थ येतो. एका जागी पिढ्यानपिढ्या टिकून राहता येणं ही नदीची सर्वांत मोठी देणगी, असं मी मुलांना सांगते.

१९७० मध्ये आस्वानचं मोठं धरण पुरं झालं आणि हा गाळ धरणाच्या मागेच अडकू लागला. तेव्हापासून इजिप्तच्या शेतकऱ्याला रासायनिक खतं विकत आणावी लागतात.

मग जगातल्या प्रत्येक मोठ्या नदीकाठी अशी संस्कृती का नाही उभी राहिली?

हा प्रश्न विचारणाऱ्या मुलाला मी नेहमी शाबासकी देते. काँगो प्रचंड आहे, डॅन्यूब प्रचंड आहे, व्होल्गा प्रचंड आहे. त्यांच्या काठी इ.स.पू. ३००० मध्ये इराकमधल्या उरुकसारखं शहर नव्हतं.

एक कारण असं की या खोऱ्यांत पाऊस भरपूर आहे. शेतीसाठी नदीला चिकटून राहायची सक्तीच नव्हती. नाईलच्या काठी मात्र हिरवा पट्टा जिथे संपतो तिथे एक पाय शेतात आणि दुसरा वाळूत ठेवून उभं राहता येतं. अमेरिकी मानवशास्त्रज्ञ रॉबर्ट कार्नेरो यांनी १९७० मध्ये यावर एक मांडणी केली. भोवती वाळवंट, डोंगर किंवा समुद्र असेल तर लोकसंख्या वाढल्यावर, भांडण झाल्यावर किंवा कर डोईजड झाल्यावर माणूस उठून दुसरीकडे जाऊ शकत नाही. हरलेल्याला तिथेच राहून जिंकलेल्याचं ऐकावं लागतं, आणि त्यातून राज्य घडतं. जंगलातला माणूस मात्र चार डोंगर ओलांडून नवं रान तोडू शकतो. या मांडणीनं सगळं उलगडत नाही, तरी सुपीक जमीन आणि भोवतालचं वाळवंट हे दोन्ही मिळून नाईलकाठचं चित्र पुरं होतं हे मला पटतं.

मोठ्या पावसाच्या जंगलात शहरं नव्हतीच, असंही समजू नका. इक्वेडोरमध्ये अ‍ॅमेझॉनच्या जंगलाखाली, उपानो खोऱ्यात, सुमारे अडीच हजार वर्षांपूर्वीचं रस्ते आणि चौथऱ्यांचं मोठं जाळं विमानातून सोडलेल्या लेसर किरणांच्या मदतीनं उजेडात आलं. ते संशोधन २०२४ मध्ये प्रसिद्ध झालं. आपल्या गंगेच्या खोऱ्यात दाट अरण्य होतं, तिथे मोठी शहरं इ.स.पू. ६०० च्या आसपास दिसू लागतात, म्हणजे मोहेंजोदडोनंतर जवळपास दोन हजार वर्षांनी.

सगळ्या नद्यांचा पूर सारखाच उपयोगी होता का?

अजिबात नाही, आणि पुस्तकात नेमकं हेच गाळलेलं असतं.

नाईल वेळ पाळणारी नदी होती. पूर यायचा, उतरायचा आणि मग पेरणीचा हंगाम सुरू व्हायचा. टायग्रिस आणि युफ्रेटिस यांचं पाणी मुख्यतः तुर्कस्तानच्या डोंगरांत वितळणाऱ्या बर्फाचं. ते एप्रिल-मेमध्ये चढतं. आणि दक्षिण इराकमध्ये जव तयार होतं तेही एप्रिल-मेमध्येच! उभं पीक कापायला आलं की नदी अंगावर येणार, आणि पेरणीच्या वेळी, ऑक्टोबर-नोव्हेंबरात, तिचं पात्र आटलेलं. आपल्याकडे ज्वारी कणसात भरली की अवकाळीच्या भीतीनं शेतकऱ्याची झोप उडते. सुमेरच्या, म्हणजे त्या काळच्या दक्षिण इराकच्या, शेतकऱ्याला दरसालची सुगी अशाच धास्तीत काढावी लागे.

म्हणून तिथे नदीकाठी नुसतं बसून भागण्यासारखं नव्हतं. पूर अडवायला बांध हवेत, शरद ऋतूत पाणी लांबवर न्यायला पाट हवेत, आणि पाट दरवर्षी गाळानं भरतात म्हणून ते उपसायला माणसं हवीत. एकाचा बांध फुटला की दहाजणांचं शेत जातं. बॅबिलोनचा राजा हम्मुराबी याच्या कायद्यात, म्हणजे इ.स.पू. १७५० च्या सुमारास, याबद्दल कलमच आहे: ज्यानं आळसानं आपला बांध नीट राखला नाही आणि त्यामुळे दुसऱ्यांची शेतं बुडाली, त्यानं नुकसान भरून द्यायचं. तेवढं धान्य नसेल तर त्याला आणि त्याच्या चीजवस्तूला विकून ते पैसे नुकसान झालेल्यांनी वाटून घ्यायचे. बांधावरून होणारी भांडणं किती जुनी आहेत बघा. उम्मा आणि लगश ही दोन सुमेरी शहरं तर सीमेवरची शेतं आणि पाट यांपायी कित्येक पिढ्या लढली.

धान्य जास्त पिकलं म्हणजे लगेच शहर कसं होतं?

लगेच होत नाही. मधे बरीच वर्षं जातात आणि मधे एक कोठार असतं.

खाऊन उरलेलं धान्य असेल तर प्रत्येकानं शेतात राबायची गरज उरत नाही. कुणी मडकी घडवतो, कुणी तांबं वितळवतो, कुणी देवळात पूजा करतो. या सगळ्यांना पोसायचं म्हणजे धान्य एका जागी गोळा करून वाटावं लागतं. जव हे त्यासाठी सोयीचं: वाळवलं की टिकतं, मापानं मोजता येतं. भाजी, दूध, मासे असे साठवता आणि मोजता येत नाहीत.

इराकमधल्या उरुक या शहरात आणि आजूबाजूला एका प्रकारचे वाडगे हजारोंनी सापडतात. ओबडधोबड, जाड, साच्यात दाबून काढलेले, काठ तिरपा कापलेला. इतके साधे की त्यांना कुणी कुंभाराची कलाकुसर म्हणणार नाही. मजुरांना रोजचा शिधा मोजून द्यायला ते वापरत असावेत, असं बऱ्याच अभ्यासकांना वाटतं. पुढे इ.स.पू. ३२०० च्या सुमारास तिथेच ओल्या मातीच्या तळहाताएवढ्या पाट्यांवर बोरूनं खुणा उमटू लागतात, आणि अन्नासाठीची खूण म्हणजे तसाच एक तिरप्या काठाचा वाडगा. ‘खाणं’ लिहायचं तर माणसाचं डोकं आणि त्याच्या तोंडाशी तो वाडगा.

जगातल्या या सर्वांत जुन्या लिखाणात कविता नाही, राजाची स्तुती नाही. बहुतेक पाट्यांवर किती जव आलं, किती कुणाला दिलं, किती मेंढ्या, किती बिअर याचाच हिशोब आहे. किराणा दुकानातली उधारीची वही पाहिलेल्या माणसाला त्या पाट्या परक्या वाटणार नाहीत. मला तर त्या फार जवळच्या वाटतात.

एवढे कालवे म्हटल्यावर राजा लागणारच. म्हणजे नदीनंच राजे निर्माण केले का?

असं एके काळी ठामपणे म्हटलं जायचं. कार्ल विटफोगेल यांनी १९५७ मध्ये मांडलं की मोठी सिंचनव्यवस्था चालवायला हुकमत लागते, आणि त्यातूनच पूर्वेकडच्या एकछत्री सत्ता जन्मल्या. पुढच्या उत्खननांनी आणि सर्वेक्षणांनी ते बरंचसं खोडलं. सुमेरमधले सुरुवातीचे पाट छोटे होते, गावपातळीवर सांभाळले जात होते. इजिप्तमध्येही वाफ्यांचं पाणी स्थानिक लोकच बघत. मोठे कालवे आले ते राज्यं उभी राहिल्यानंतर.

यासाठी दूर जायची गरज नाही. धुळे-नाशिक भागात पांझरा, मोसम, आरम या नद्यांवर फड पद्धत काही शतकं चालत आली आहे. नदीला बंधारा, त्यातून पाट आणि पाटाखालच्या जमिनीचे फड. या वर्षी कुठल्या फडात ऊस, कुठल्यात हंगामी पीक, पाणी कमी असेल तर कुठला फड पड ठेवायचा, हे शेतकरी एकत्र बसून ठरवतात. पाटकरी पाणी देतो, जागल्या राखण करतो, हवालदार देखरेख करतो आणि त्यांचा मेहनताना शेतकरी देतात. राजे आले-गेले, इंग्रज आले-गेले, फड चालू राहिले. पाणी वाटून घ्यायला माणसांना शिस्त लागते हे खरं, पण ती वरूनच यावी लागते असं नाही.

सिंधू संस्कृतीची शहरं तर नदीकाठीच. मग मोहेंजोदडोत इतक्या विहिरी कशाला?

छान निरीक्षण. मोहेंजोदडोत सातशेच्या आसपास विहिरी असाव्यात असा जर्मन संशोधकांचा अंदाज आहे. जवळजवळ प्रत्येक मोहल्ल्यात, अनेकदा घरातच. विहिरीचा गोल कडा नीट बसावा म्हणून पाचरीच्या आकाराच्या खास विटा भाजलेल्या. पुढे शहर पुन्हा पुन्हा जुन्या पायावर बांधलं गेलं तसतसे विहिरींचे कठडेही वर वाढवत नेले. आज भोवतालची माती काढल्यावर त्या विहिरी मनोऱ्यासारख्या उभ्या दिसतात.

इतक्या विहिरी होत्या, कारण पिण्याचं पाणी घराशी मिळत होतं आणि स्वच्छ मिळत होतं. नदी होती ती शेतीसाठी आणि नावांसाठी. सिंधूचा पूर उन्हाळा-पावसाळ्यात येतो, ओसरल्यावर त्या ओल्या जमिनीत गहू आणि जव पेरता येतं. नाईलसारखंच वेळापत्रक, फक्त नदी जास्त लहरी.

धोलावीरा नदीकाठी नाही. मग ते शहर कसं?

कच्छच्या रणातल्या खडीर बेटावरचं हे शहर पाणी अडवून जगलं. दोन बाजूंनी मानसर आणि मनहर हे पावसाळी ओढे, त्यांवर बांध घालून पाणी दगडात खोदलेल्या आणि बांधलेल्या मोठमोठ्या टाक्यांत वळवलेलं. आपले गड-किल्ले पाहिलेल्यांना हे लगेच कळतं. मध्य अमेरिकेतल्या माया लोकांचं तिकाल हेही असंच, तलावांवर जगलेलं शहर. नदी हा एक मार्ग होता, एकमेव नव्हता.

सरस्वती नदी आटली म्हणून हडप्पा संस्कृती संपली का?

अनेकजण जिला सरस्वती मानतात त्या घग्गर-हाक्राच्या कोरड्या पात्राकाठी कालीबंगनसारख्या हडप्पाकालीन वस्त्या मोठ्या संख्येनं आहेत, हे नक्की. २०१७ मध्ये आयआयटी कानपूर आणि लंडनच्या इम्पीरियल कॉलेजच्या संशोधकांनी तिथल्या वाळूचा काळ मोजून दाखवला: हिमालयातून येणारी सतलज हे पात्र सोडून गेली ती सुमारे आठ हजार वर्षांपूर्वी किंवा त्याआधी, म्हणजे शहरं उभी राहण्याच्या कितीतरी अगोदर. दोन वर्षांनी दुसऱ्या भारतीय गटानं नदी साडेचार हजार वर्षांपूर्वीपर्यंत बारमाही वाहत होती असं मांडलं. वाद चालू आहे.

पहिला निष्कर्ष खरा असेल तर मला त्यात एक मोठी गोष्ट दिसते. खवळलेल्या नदीपेक्षा तिनं सोडलेलं जुनं, सखल पात्र वस्तीला बरं. पावसाळ्यात पाणी येतं, गाळाची जमीन तयार असते, आणि रात्रीतून शहर वाहून जायची भीती कमी.

आपल्या गोदावरी-भीमेच्या काठी तेव्हा मोहेंजोदडोसारखं शहर का नव्हतं?

वर्गात सगळ्यात जास्त वेळ मी या प्रश्नाला देते.

काठावर माणसं होती, भरपूर होती. संगमनेर तालुक्यात प्रवरेकाठी जोर्वे इथे १९५०-५१ मध्ये उत्खनन झालं आणि त्या गावाचं नाव एका अख्ख्या संस्कृतीला मिळालं. नेवासे प्रवरेवर, दायमाबाद प्रवरेवर, इनामगाव घोडवर. श्रीरामपूर तालुक्यातलं दायमाबाद त्यांत सर्वांत मोठं, सुमारे २० हेक्टर. १९७४ मध्ये तिथे झाडाचं मूळ खणताना तांब्या-ब्राँझचा बैलांचा रथ, हत्ती, गेंडा आणि रेडा सापडले. एकूण वजन साठ किलोंहून जास्त. त्यांच्या काळाबद्दल अभ्यासकांत मतभेद आहेत, पण प्रवरेकाठच्या माणसांचे धागे पार सिंधूपर्यंत पोचत होते, हे दायमाबादच्या उत्तर हडप्पाकालीन थरावरून आणि तिथे मिळालेल्या सिंधू लिपीच्या मुद्रांवरून कळतं.

इनामगावला पुण्याच्या डेक्कन कॉलेजनं १९६८ पासून बारा-तेरा हंगाम खोदकाम केलं. इ.स.पू. १६०० ते ७०० एवढा लांब काळ तिथे गाव नांदत होतं. शंभराहून अधिक घरं सापडली, मुख्य पीक जव. एक घर पाच खोल्यांचं, बहुधा गावच्या म्होरक्याचं, आणि त्याला लागून धान्याचं कोठार. पाट आणि दगडमातीचा बांधही सापडला. पुराचं पाणी वळवून शेताला द्यायची ती सोय असावी, असं उत्खनन करणाऱ्यांचं मत. म्हणजे कोठार आहे, म्होरक्या आहे, पाट आहे. उरुकमध्ये होतं ते सगळं बीजरूपानं आहे. पण इनामगाव पाचेक हेक्टरांचं गावच राहिलं आणि मोहेंजोदडो दोनशे हेक्टरांच्या पुढे गेलं.

का, ते नदीकडे बघून कळतं. मी मुलांना घोडच्या काठावर नेऊन उभं करते. दरड उंच, पाणी खोल खाली. दख्खनच्या नद्यांनी आपलं पात्र खोल कापून घेतलंय. पूर आला तरी नाईल-सिंधूसारखा मैलोन् मैल पसरून गाळ अंथरत नाही. काठाची मळई, म्हणजे गाळाची जमीन, अरुंद, तीही तुटक. बर्फाचं पाणी नसल्यामुळे उन्हाळ्यात पात्राची डबकी होतात. आणि मळईच्या पलीकडे पसरलेली काळी जमीन? पावसात ती चिकट चिखल होते आणि उन्हात दगडासारखी. तांब्या-दगडाच्या अवजारांना ती मोठ्या प्रमाणावर फोडणं अवघडच. त्यामुळे वस्ती मळईपुरती आणि उरलेलं धान्यही तेवढंच.

मग काळ कोरडा होत गेला. इनामगावच्या शेवटच्या थरात चौकोनी प्रशस्त घरांच्या जागी लहान गोल झोपड्या येतात, शेतीपेक्षा गुरं-शेरडं आणि शिकारीवरचा भर वाढतो, आणि इ.स.पू. ७०० च्या सुमारास गाव ओस पडतं. विदर्भात त्याच सुमारास लोखंड वितळवलं जात होतं, त्याची भट्टी नागपूर जिल्ह्यात पेंच नदीजवळ नायकुंडला सापडली आहे. लोखंडाचा फाळ, वाढता व्यापार आणि घाटवाटा हाती आल्यावर मग शहरं आली: गोदावरीवर पैठण, तेरणेवर तेर, कुकडीवर जुन्नर. सातवाहनांची ही शहरंही नदीकाठीच आहेत, पण ती गाळाइतकीच व्यापाराच्या वाटांवर उभी आहेत.

पुराची भीती वाटत नसेल का त्या लोकांना?

वाटत होतीच. मोहेंजोदडोत कच्च्या विटांचे प्रचंड चौथरे रचून त्यावर इमारती बांधल्या. मेसोपोटेमियात, म्हणजे टायग्रिस-युफ्रेटिसच्या खोऱ्यात, मातीची घरं पडत, त्याच ढिगाऱ्यावर नवी होत आणि शतकांनी गाव आपोआप टेकाडावर जाई. २००५, २०१९ आणि २०२१ चे महापूर पाहिलेल्या सांगली-कोल्हापूरकरांना उंचवट्याची किंमत वेगळी सांगायला नको. कोल्हापूरची सातवाहनकालीन वस्ती पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरीच्या टेकाडावर सापडली, ती उगाच नव्हे.

सर्वांत कठीण नदी चीनची पिवळी नदी, होआंग हो. ती इतका गाळ आणते की तिचं पात्रच मैदानापेक्षा उंच होतं. नदी वर, घरं खाली, मधे फक्त बांध. १८५५ मध्ये तिनं बांध फोडून आपलं मुख शेकडो किलोमीटर उत्तरेला हलवलं. तिच्या खोऱ्यातल्या पहिल्या शेतकऱ्यांचं मुख्य धान्य गहू नव्हतं, राळा होता.

नद्यांचा वाहतुकीसाठी उपयोग किती?

फार. बैलगाडीवर जड ओझं लांब नेणं म्हणजे वाटेत बैलांनाच अर्धं धान्य खाऊ घालणं. नाईलवर तर दैवी सोय होती: प्रवाह उत्तरेकडे नेतो आणि वारा बहुतेक वेळा दक्षिणेकडे वाहतो. जाताना प्रवाह, येताना शीड. आस्वानचा ग्रॅनाइट गिझाच्या पिरॅमिडपर्यंत असाच पाण्यावरून आला.

ज्या नदीनं वाढवलं तिनंच बुडवलं का?

पूर येऊन संस्कृती बुडाली असं सहसा घडत नाही. नदी दूर जाते. उर आणि उरुक एके काळी युफ्रेटिसच्या पाण्यावर होती, आज त्यांचे ढिगारे वाळवंटात आहेत. पाऊस कमी होतो. सुमारे ४२०० वर्षांपूर्वी एक मोठा कोरडा काळ सुरू झाला. त्याचा पुरावा मेघालयातल्या गुहेतल्या लवणस्तंभात मिळाला, म्हणून भूशास्त्रज्ञांनी २०१८ मध्ये आजच्या कालखंडाला ‘मेघालयन’ नाव दिलं. सिंधूची शहरं इ.स.पू. १९०० नंतर ओस पडली. माणसं संपली नाहीत, पूर्वेकडे आणि गुजरातकडे लहान गावांत पांगली.

आणि तिसरं कारण मीठ. पाटाचं पाणी वारेमाप दिलं आणि निचरा केला नाही की जमिनीतला क्षार वर येतो. दक्षिण मेसोपोटेमियात गव्हाची जागा हळूहळू जवानं घेतली, कारण जव खारट जमीन जास्त सोसतं. शिरोळ तालुक्यात कृष्णाकाठी उसाच्या शेतांत पांढरा थर आलेला ज्यांनी पाहिला आहे त्यांना सुमेरचं दुःख समजावून सांगावं लागत नाही. तिथले शेतकरी आता जमिनीखाली सच्छिद्र नळ्या टाकून निचरा करतायत आणि क्षारपड रानं परत लागवडीखाली आणतायत. हे सुमेरला जमलं नव्हतं.

आमच्या गावाजवळ अशी जुनी वस्ती असेल तर ओळखायची कशी?

नदीच्या वळणावर, पुराच्या पाण्याला लागणार नाही एवढ्या उंचीवर, राखट-पांढऱ्या मातीचं टेकाड दिसतंय का बघा. भोवतीची जमीन काळी आणि हा एवढाच भाग फिकट, म्हणजे तिथे माणसं राहिलेली आहेत. चुलीची राख, पडलेल्या भिंती आणि शेण मिसळून ती माती झालेली असते. लोक ती खत म्हणून शेतात नेतात, घराला लावायला नेतात, आणि तिच्याबरोबर साडेतीन हजार वर्षं ट्रॉलीत भरून जातात. हे पाहिलं की फार वाईट वाटतं.

पहिल्या पावसानंतर तिथे खापऱ्या वर येतात. जोर्वे पद्धतीची खापरी तांबूस-केशरी, पातळ, वर काळ्या रेघांची नक्षी. नखानं टिचकी मारली तर खणकन वाजते, कारण ती उत्तम भाजलेली असते. सापडली तर बघा, फोटो काढा, जागा लक्षात ठेवा आणि खापरी तिथेच ठेवा. खणू नका. राज्याच्या पुरातत्त्व विभागाला किंवा डेक्कन कॉलेजला कळवा. नाणी किंवा धातूच्या वस्तू मिळाल्या तर १८७८ च्या निखात निधी कायद्यानं जिल्हाधिकाऱ्यांना कळवणं बंधनकारक आहे. इनामगावच्या वस्तू बघायच्या असतील तर पुण्याला डेक्कन कॉलेजच्या पुरातत्त्व संग्रहालयात जा, मुलांना घेऊन जा, आणि तोटीचं भांडं दिसलं की त्याच्यासमोर जरा वेळ थांबा. घोडचं पाणी त्यातूनच ओतलं जायचं.